पशुरोगांची साथ : कारण आणि निवारण

बुद्धांच्या शिकवणुकीचा पाया कार्यकारणभाव हा आहे. कारणावाचून कार्य घडत नाही आणि कारण दूर केले की कार्यही थांबते. मूल परिसरातील धान उत्पादकाने हा नियम आपल्या गोठ्यालाही लावून पाहावा.

रोवणीच्या दिवसांत धडधाकट बैल एकाएकी तापतो, गळ्याला सूज येते, श्वास घरघरू लागतो आणि बहुधा दिवस-दोन दिवसांत तो दगावतो. हा कोणा देवीचा कोप नव्हे. हा घटसर्प होय. त्याचे पाश्चुरेला नावाचे जंतू काही निरोगी जनावरांच्या घशातही सुप्तावस्थेत असतात. उन्हाळ्यातील अपुरा चारा, पावसाची झड आणि चिखलणीचे कष्ट यांनी प्रतिकारशक्ती खालावली की ते झपाट्याने वाढून रक्तात शिरतात. त्यांच्या विषाने रक्तवाहिन्या झिरपू लागतात; गळ्याची सूज ती हीच. लाळेने दूषित झालेल्या चारापाण्यातून रोग शेजारच्या दावणीला पोहोचतो.

फऱ्या रोगाची रीत निराळी. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. प्राणवायू कमी पडलेल्या स्नायूंत ते वाढतात व तेथे वायू साठतो. म्हणून सुजलेला भाग दाबला असता चरचरतो. कोंबड्यांतील राणीखेत मात्र विषाणूमुळे होतो. विषाणू पेशीत शिरून तिच्याकडूनच आपल्या प्रती घडवून घेतो. त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. आधी टोचलेली लसच तारते.

१८७६ साली रॉबर्ट कॉख यांनी फाशी रोगाच्या जंतूचे जीवनचक्र उलगडले. मृत शरीर उघडून हवा लागली की या जंतूचे बीजाणू बनतात आणि मातीत अनेक दशके तग धरतात. माणसालाही हा रोग होतो. ढोरे ओढण्याचे व फाडण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, तेच या जंतूंच्या सर्वांत जवळ उभे होते. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्यास सांगितले ते स्वाभिमानासाठी; जंतुशास्त्र त्या उपदेशाला आरोग्याचाही आधार देते.

लसीकरणाच्या बळावर बुळकांड्या रोग २०११ साली जगातून हद्दपार झाला. म्हणून सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी घरी एवढे सांगावे : पावसाळ्यापूर्वी लस टोचून घ्या, आजारी जनावर वेगळे बांधा, एकाएकी मेलेले जनावर न फाडता पशुवैद्यकांना कळवा आणि चुना टाकून खोल पुरा. मुक्या जिवांविषयीची करुणा ज्ञानाच्या जोडीनेच फळाला येते.