घराआधी हद्द: चंदीगडच्या आयटी पार्कभोवतीची निवड

सप्टेंबर 2005 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालेले राजीव गांधी तंत्रज्ञान उद्यान, म्हणजेच चंदीगडचे आयटी पार्क, किशनगड व मनीमाजरा यांच्या शेजारी वसले आहे. तेथे नोकरी करणाऱ्या कुटुंबाने घर कोठे घ्यावे, हा प्रश्न वरकरणी अंतराचा आणि किमतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रथम हद्दीचा आहे. 1966 च्या पुनर्रचनेत चंदीगड केंद्रशासित झाले आणि पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानीही राहिले. त्यामुळे मनीमाजरा निवडल्यास केंद्रशासित प्रशासन, पंचकुला निवडल्यास हरियाणा, आणि मोहाली किंवा झिरकपूर निवडल्यास पंजाब वाट्याला येतो. मुद्रांक शुल्क, वाहनाची नोंदणी, तसेच गृहप्रकल्पांचे नियमन करणारे रेरा प्राधिकरण, हे सारे या अदृश्य रेषेनुसार बदलते.

चंदीगडच्या जुन्या भागात घराचा अविभक्त हिस्सा, म्हणजे वाटणी न झालेली मालकी, विकत घेऊन आपसांतील कराराने एकेक मजला वापरण्याची पद्धत रूढ होती. मूळचे अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिलेल्या जानेवारी 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर 1 ते 30, म्हणजे याच जुन्या भागातील, घरांचे असे सदनिकांत विभाजन करण्यास मनाई केली. शहराचा वारसा जपणारा हा निकाल योग्यच होता. मात्र मध्यमवर्गीय ग्राहकाला उपनगरांकडे वळण्याचे आणखी एक कारण त्यातून मिळाले.

खरी जोखीम सुखना तलावाच्या बाजूला आहे. तलावाला पाणी पुरवणाऱ्या उतारांना पाणलोट क्षेत्र म्हणतात, आणि त्यातील कांसल हे गाव पंजाबात, कैंबवाला चंदीगडमध्ये, तर साकेतडी हरियाणात असले, तरी पाणी या हद्दी मानत नाही. मार्च 2020 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने, भारतीय सर्वेक्षण विभागाचा 2004 चा नकाशा आधार धरून, या क्षेत्रातील अनधिकृत बांधकामे पाडण्याचा आदेश दिला. जुन्या गावांभोवतीच्या ‘लाल डोरा’ हद्दीतील, म्हणजे महाराष्ट्रातील गावठाणासारख्या वस्तीतील, स्वस्त घराचीही कागदपत्रे म्हणूनच अधिक बारकाईने तपासावी लागतात.

शिवालिकच्या टेकड्या खिडकीतून दिसतात म्हणून विसार देण्यापूर्वी ग्राहकाने तो भूखंड पाणलोटाच्या नकाशात कोठे पडतो, हे स्वतः पाहून घ्यावे.