गाठीची फळी कामाला लावताना

वखारीत फळ्या निवडताना गाठ दिसली की ती फळी बाजूला सारायची, ही आपली जुनी सवय. पण बिनगाठीचं, सरळ रेषांचं सागवान सगळ्यांना परवडत नाही आणि आंबा, बाभूळ यांसारख्या गावठी लाकडात गाठी निघायच्याच. कोणती गाठ चालते, ती कुठे बसवायची आणि तिच्यावर हत्यार कसं चालवायचं, एवढं कळलं तर अशाच फळीतून देखणं आणि टिकाऊ फर्निचर होतं. उदाहरणादाखल आपण आंब्याच्या जाड फळीचा एक साधा बाक करायला घेऊ.

१. गाठ ओळखणं
गाठ म्हणजे खोडात रुतून राहिलेला फांदीचा बुंधा. फांदी जिवंत असते तोवर तिचे तंतू खोडाच्या तंतूंशी जुळलेले असतात. ही जिवंत गाठ. फांदी वाळली की खोड तिच्याभोवती नुसतं वाढत जातं, तंतू जुळत नाहीत; ही मेलेली गाठ. तिच्याभोवती बहुधा काळं कडं असतं, कधी त्यात सालही अडकलेली दिसते. पेचकसाच्या मुठीनं ठोकून पाहा. जिवंत गाठ टणक वाजते. मेलेली बद्द वाजते, अंगठ्यानं दाबली तर कधी हलतेसुद्धा. लाकूड वाळून आकसलं की हीच गाठ निसटून पडते.

२. काय घ्यायचं नाही
खिळ्याचं टोक सहज रुतत असेल तर लाकूड कुजलेलं आहे, ते नकोच. फळीच्या मधोमध मगज, म्हणजे खोडाच्या अगदी केंद्रातला मऊ गर, दिसत असेल तर तीही टाळा. ती वाळताना हमखास फाटते. बारीक भोकं दिसली तर फळी कागदावर आपटा. पिठासारखा ताजा भुसा पडला तर आत घुण, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, अजून जिवंत असू शकते. आंब्याला ती चटकन लागते. सागाचा गाभा तिला दाद देत नाही, पण सालीलगतच्या फिकट भागाला ती सोडत नाही. निळसर-करडे डाग मात्र बुरशीचे असतात. लाकूड टणक असेल तर त्यांनी फारसं बिघडत नाही.

३. वाळू देणं
सर्वांत जास्त कामं बिघडतात ती इथेच. सावलीत, हवेशीर जागी, दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या ठेवून थर रचावा. ढोबळ हिशेब असा की एक इंच जाडीला साधारण एक वर्ष लागतं. फळीची टोकं सर्वांत आधी सुकतात आणि तिथूनच चिरा पडतात, म्हणून टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावून ठेवावा. वखारवाला ‘सुकी आहे’ म्हणाला तरी शक्य झाल्यास ओलावा मोजायच्या यंत्रानं तपासून घ्या. घरातल्या फर्निचरसाठी दहा-बारा टक्के ओलावा ठीक.

४. लपलेली चीर शोधणं
टोकाची चीर दिसते त्यापेक्षा आत लांबवर गेलेली असते. दिसणारी चीर कापून टाकल्यावर टोकाची बोटभर जाडीची आणखी एक चकती कापा आणि दोन्ही हातांनी वाकवा. चकती एकाच जागी कटकन तुटली तर चीर अजून तिथे आहे. चकती सलग राहीपर्यंत असंच थोडंथोडं कापत जायचं.

५. खडूनं मांडणी
करवत हातात घेण्याआधी प्रत्येक गाठीभोवती खडूनं गोल काढा आणि तिची जागा ठरवा. बाकावर माणूस बसला की फळी मधोमध किंचित वाकते. तेव्हा खालचे तंतू ताणले जातात, वरचे दाबले जातात. गाठीपाशी तंतू वळसा घालून गेलेले असल्यामुळे ताण आला की लाकूड तिथेच फाटतं. म्हणून मोठी गाठ बसण्याच्या फळीच्या मधल्या भागात खालच्या अंगाला नको, कडेला तर मुळीच नको. ती पायाच्या वरच्या बाजूला, आधारावर येऊ द्या. पाय आणि आडव्या पट्ट्या मात्र शक्यतो बिनगाठीच्या. कुसू, म्हणजे दुसऱ्या तुकड्याच्या खाचेत बसणारं तासलेलं टोक, तिथे तर एकही गाठ नको. गाठीत स्क्रूही मारू नये. आधी भोक पाडलं तरी तो वाकडा जातो किंवा गाठ फुटते.

६. चीर बांधून टाकणं
फळीच्या मधल्या भागातली चीर कापून टाकता येत नाही, तेव्हा ती बांधावी लागते. त्यासाठी डमरूच्या आकाराचा टणक लाकडाचा तुकडा चिरेवर आडवा बसवतात. जपानी वंशाचे अमेरिकी कारागीर जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांच्या टेबलांवर हे डमरू उघडे, मिरवत बसलेले दिसतात. हेच नाकाशिमा १९३०च्या दशकात पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंड वसतिगृहाच्या बांधकामावर होते आणि १९६४ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही त्यांनी काम केलं.

आधी डमरू तयार करा, मग तो फळीवर ठेवून धारदार सुरीनं त्याची कड आखा आणि पटाशीनं खाच कोरा. खोली फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पुरते. बारीक कंबर नेमकी चिरेवर यावी. डमरूच्या रेषा चिरेला आडव्या जायला हव्यात. नेहमी चूक होते ती हीच: रेषा चिरेच्या दिशेनं ठेवल्या तर डमरू कंबरेतच मोडतो.

७. गाठीवर रंधा
गाठीच्या एका बाजूला रेषा वर चढतात, दुसऱ्या बाजूला खाली उतरतात. त्यामुळे रंधा कुठल्याही दिशेनं चालवा, एका बाजूला तो उलटाच पडतो आणि तंतू उपटून निघतात. पातं नुकतं धार लावलेलं असावं, कागदासारखा पातळ छिलका निघेल इतकंच बाहेर काढावं आणि रंधा तिरका धरावा. तरीही उपटत असेल तर पोलादी पत्तीनं खरवडून काढा. पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर भोवतालचं मऊ लाकूड झिजतं आणि गाठ टेंगळासारखी वर राहते.

८. भोक भरणं
हलणारी गाठ काढून तिच्या कडांना डिंक लावून परत बसवता येते. मोकळं भोक भरायचं तर इपॉक्सी घ्या. हे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारं रसायन आहे. मागच्या बाजूला चिकटपट्टी लावा. आधी भोकाच्या कडांना पातळ हात फिरवा, म्हणजे लाकडातले बुडबुडे वर येत नाहीत. डब्यावर लिहिलेलं प्रमाण चुकलं तर मिश्रण कायम चिकट राहतं. खोल भोक एका दमात भरलं तर ते तापून तडकतं, म्हणून थराथरानं भरा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून भरलेला भाग पॉलिश शोषत नाही आणि डागासारखा उठून दिसतो.

९. पॉलिश आणि जोडणी
पॅकिंगच्या पाईनचं काम असेल तर गाठींतून राळ झिरपते आणि रंगावर पिवळे डाग उमटतात. त्यावर आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन हात द्या. आंब्याला तेवढी गरज पडत नाही.

बसण्याची फळी खालच्या पट्ट्यांना पक्की चिकटवू नका. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी रुंदीच्या दिशेनं लांबट भोक ठेवलं की फळीला हलायला वाव मिळतो. तो नसेल तर नवी चीर पडते, तीही बहुधा गाठीपाशीच.

काम सुताराकडून करून घेणार असाल तरी पाचवी पायरी आपण स्वतः करा. खडूच्या खुणा केलेली फळी त्याच्या हातात द्या आणि कोणती गाठ उघडी ठेवायची, कोणती कापून टाकायची, हे आधीच बोलून घ्या. नाहीतर सवयीनं तो सगळ्याच गाठी पुट्टी भरून झाकून टाकेल आणि त्यातली मेलेली कोणती होती, हे ती गळून पडेपर्यंत कळणार नाही.