अहिल्यानगर जिल्ह्याची प्राकृतिक रचना व पर्जन्याचे वितरण

प्रस्तावना : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा सुमारे १७,०४८ चौ. कि.मी. क्षेत्रफळाचा, महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाचे हवामान एका सरासरी आकड्याने सांगता येते का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राकृतिक रचना : जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग असून तेथील कळसूबाई (१,६४६ मी.) हे राज्यातील सर्वोच्च शिखर आहे. येथून निघालेल्या डोंगररांगा पूर्वेकडे उतरत जातात. मुळा नदी प्रवरेस व प्रवरा गोदावरीस मिळते, तर दक्षिणेकडील घोड व सीना या नद्या भीमेच्या खोऱ्यात येतात. संपूर्ण प्रदेश बेसॉल्ट खडकाचा आहे.

पर्जन्य : अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीमुळे वर चढतात व थंड होतात. त्यामुळे घाटघर परिसरात वर्षाला ४,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. घाट ओलांडल्यावर हेच वारे खाली उतरून उष्ण व कोरडे होतात. परिणामी, सुमारे ६० कि.मी. पूर्वेस असलेल्या संगमनेरला जेमतेम ४०० ते ५०० मि.मी. पाऊस मिळतो. घाटमाथ्यावर जुलै हा सर्वाधिक पावसाचा महिना असतो, तर पठारी तालुक्यांत सप्टेंबर. म्हणूनच काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी घेण्याची परंपरा येथे रुजली.

परिणाम : १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे घाटावरील पाणी कालव्यांद्वारे राहाता, श्रीरामपूर परिसरात पोहोचले व तेथे ऊसशेती वाढली. पारनेरच्या उंच पठारास मात्र हा लाभ मिळू शकला नाही. बेसॉल्टमध्ये पाणी केवळ झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. त्यामुळे उपसा वाढताच विहिरी आटतात. हिवरे बाजार येथे मृद व जलसंधारणाच्या कामांसोबत शेतीसाठी विंधनविहिरींवर बंदी घालण्यात आली व पाण्याच्या ताळेबंदानुसार पिके ठरविण्यात आली. तेथे पाऊस वाढला नाही, पाण्याचा वापर बदलला.

निष्कर्ष : जिल्ह्याची सरासरी ही घाटमाथा व अवर्षणप्रवण पठार यांतील तफावत झाकते. जिल्ह्याच्या सरासरीवरून टंचाईचे अनुमान काढल्यास पठारावरील कोरडी गावे नजरेआड होतात. म्हणून नियोजनाचे एकक जिल्हा नसून पाणलोट क्षेत्र असावे.