आदिम कृष्णविवरे आणि खोडदच्या तबकड्या

मोठ्या ताऱ्याच्या अंतातून कृष्णविवर जन्मते, हे आपण शाळेत शिकलो. परंतु तारे नव्हते तेव्हाही, महास्फोटानंतर लगेचच, अतिघन द्रव्य कोसळून कृष्णविवरे घडली असावीत, असा विचार हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडला. तसे असेल, तर त्यांच्या ओढीने पहिल्या दीर्घिकांना लवकर बीज मिळाले असेल; आत पडणाऱ्या वायूच्या क्ष-किरणांनी सभोवतालचा हायड्रोजन तापला असेल. त्याची २१ सेंटिमीटरची रेडिओलहर विश्वप्रसरणाने ताणून आज काही मीटरची झाली आहे. तापाची खूण तिच्यातच शोधायची. पुणे जिल्ह्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारताना गोविंद स्वरूप यांच्या मनात हाच आद्य हायड्रोजन होता. आकाशगंगेचा रेडिओ-कोलाहल मात्र त्याहून हजारो पटींनी मोठा. केळीच्या लिलावात कुजबुज टिपण्याचेच हे काम!