शिक्षकाची दैनंदिनी आणि मोबाइल

प्राथमिक शाळेचा कारभार जितका अध्यापनाचा, तितकाच तो नोंदींचाही आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा शाळेचे सारे दप्तर कागदाचे होते : हजेरीपट, जनरल रजिस्टर, टाचणवही आणि शिक्षकाची दैनंदिनी. २०१५ साली राज्यात ‘सरल’ ही संगणकीय प्रणाली सुरू झाली, पुढे ‘यू-डायस प्लस’ची भर पडली आणि शाळेत जेवलेल्या मुलांची रोजची संख्याही मोबाइलवरून कळविली जाऊ लागली. आज चोपडा तालुक्यातील शिक्षकाच्या पिशवीत वही असते आणि खिशात मोबाइल असतो. या दोहोंत श्रेष्ठ कोणते, हा वाद निष्फळ आहे. कोणते काम कोणाकडे सोपवावे, हाच खरा प्रश्न होय. या वाटणीत चूक झाली, तर शिक्षकाची संध्याकाळ वाया जाते. परंतु त्याहून मोठी हानी मुलाची होते.

मोबाइलचे काम

जे मोजता येते, ज्याची बेरीज करावयाची असते आणि जे ठरल्या वेळी दुसऱ्याकडे पोहोचले पाहिजे, ते मोबाइलकडे द्यावे. पट, उपस्थिती, धान्याचा शिल्लक साठा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख, आरोग्य तपासणीचा दिवस या गोष्टी मनात बाळगून हिंडण्याचे कारण नाही. मोबाइलमध्ये एकदा तारीख नोंदविली की तो नेमक्या दिवशी स्मरण देतो. जुनी माहिती शोधण्यास वहीची तीस पाने उलटावी लागतात. मोबाइलमध्ये एक शब्द लिहिला की ती समोर येते. अशा कामी वहीचा हट्ट धरणे म्हणजे श्रमाचा अपव्यय होय.

मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर रेंज सर्वत्र व सर्वकाळ असतेच असे नाही. म्हणून त्या दिवसाचे आकडे वहीच्या पानाच्या कोपऱ्यात आधी टिपून ठेवावेत आणि रेंज मिळताच भरावेत. आकडा स्मरणावर ठेवला की संध्याकाळी तो अंदाजाने भरला जातो, आणि अंदाजाने भरलेला आकडा ही नोंद नव्हे.

वहीचे काम

संगणकाचा रकाना ‘किती’ असे विचारतो. ‘का’ असे विचारीत नाही. समजा, पायथ्याच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत होळीपूर्वीच्या आठवड्यात उपस्थिती निम्म्यावर आली. रकान्यात तेवढी मुले गैरहजर म्हणून दाखविली जातील, आणि तेथे ती नोंद संपेल. शिक्षकाच्या वहीत मात्र असे लिहिलेले असू शकते : ‘भोंगऱ्याचा बाजार. पहिलीची पावरा मुले आईबापांबरोबर बाजारात. परत आल्यावर ढोलाविषयी भरभरून बोलली. जूनपासून गप्प असलेली मुलगीही आज बोलली.’ या चार ओळींचा उपयोग पुढील वर्षी होतो. त्या आठवड्यात चाचणी ठेवू नये, हे शिक्षकाला कळते. आणि घरी पावरी बोलणाऱ्या मुलांच्या मराठीच्या पाठाचा आरंभ बाजारापासून करावा, हेही कळते. मुलांच्या तोंडचे पावरी शब्द व त्यांचे अर्थ वहीच्या शेवटच्या पानांवर लिहीत गेल्यास वर्षअखेर शिक्षकाच्या हाती एक लहानसा कोशच येतो. तो सामावून घेणारा रकाना कोणत्याही प्रणालीत नाही.

कापसाच्या वेचणीच्या दिवसांचेही तसेच आहे. एखादी मुलगी रोज तासभर उशिरा येऊ लागते. हजेरीपटावर ती हजरच असते. आई वेचणीला जाते आणि धाकट्या भावाला सांभाळण्याचे काम तिच्याकडे येते, हे कारण ज्या दिवशी वहीत उतरते, त्या दिवसापासून शिक्षक काही करू शकतो : घरी जाऊन बोलू शकतो, भावाला अंगणवाडीत बसविण्याचा मार्ग सुचवू शकतो. कारण नोंदविलेच गेले नाही, तर उशिराचे अर्धा दिवस होतात, अर्ध्या दिवसाची गैरहजेरी होते, आणि एके दिवशी त्या मुलीचे शिक्षण सुटते. संगणकाला हे कळते. पण ते घडून गेल्यावर कळते.

हाताने लिहिण्याची ही परंपरा या भागाला परकी नाही. तापीपलीकडे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. ज्या मुलांसाठी ते लिहीत, त्यांतील प्रत्येकाला ते ओळखत होते. शिक्षकाच्या दैनंदिनीचेही बळ तेच आहे : ती पटसंख्येविषयी नसते, मुलांविषयी असते.

उसनी नोंद

येथे एक धोका सांगितला पाहिजे. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आली आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवण्याचे काम शिक्षकाकडे आले. हेतू उत्तम होता. परंतु लौकरच तयार वाक्यांच्या याद्या बाजारात आल्या व नंतर मोबाइलवरून फिरू लागल्या. ‘वाचनात रस घेतो’, ‘गटात सहकार्य करतो’ अशी वाक्ये चाळीस मुलांपुढे उतरविली, तर ती कागदावर असोत की मोबाइलमध्ये, त्यांत एकही मूल दिसत नाही. नोंदीची कसोटी सोपी आहे : मुलाचे नाव झाकून नोंद वाचावी. मूल ओळखू आले तर नोंद खरी. न आले तर ती उसनी.

२०१४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॅम म्युलर व डॅनियल ओपेनहायमर यांनी याला जवळचा असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्याख्यान ऐकताना संगणकावर टंकलेखन करणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवीत; हाताने लिहिणाऱ्यांना वेग कमी असल्याने निवड करावी लागे, आणि अर्थविषयक प्रश्नांत ते सरस ठरले. पुढील प्रयोगांत हा फरक इतका ठळक आढळला नाही, तेव्हा त्यावर फार मोठा इमला रचू नये. तथापि निवड करून लिहिण्याने विचार घडतो, हे ध्यानात घ्यावे. नुसती नक्कल केली तर लेखणीही काही शिकवीत नाही.

व्यवस्था कशी ठेवावी

संगणकीय वस्तूंची रचना करण्याचाच व्यवसाय असलेल्या रायडर कॅरल या अमेरिकन गृहस्थाने २०१३ साली कागदी वही ठेवण्याची एक साधी रीत लोकांपुढे मांडली. तिच्यातील दोन गोष्टी शिक्षकाने अवश्य घ्याव्यात : पानांना क्रमांक व आरंभी अनुक्रमणिका, आणि न झालेले काम पुढील पानावर हाताने उतरविणे. पुन्हा लिहिण्याचे कष्ट पडले की ते काम खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आपल्या शाळेपुरती व्यवस्था पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

(१) शाळा सुटल्यावर, कुलूप लावण्यापूर्वी, दहा मिनिटे वहीस द्यावीत. त्या वेळी मोबाइल बाजूस ठेवावा. रोज तीन मुलांविषयी दोन-दोन ओळी लिहिल्या, तर तीस मुलांच्या वर्गात दहा दिवसांत प्रत्येकाची पाळी येते.

(२) शनिवारी आठवड्याची पाने वाचावीत. ज्या नोंदीस तारीख आहे, ती मोबाइलमध्ये स्मरणासाठी घालावी. जे काम राहिले, ते पुढील आठवड्यात उतरवावे. तिसऱ्यांदा उतरविण्याची वेळ आली, तर ते काम करून टाकावे किंवा खोडून टाकावे.

(३) महिन्याच्या अखेरीस पानांची छायाचित्रे काढून सुरक्षित ठेवावीत. वाळवी आणि पावसाळी ओल यांपासून कागदाचे रक्षण मोबाइल करू शकतो.

(४) ही छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटावर कदापि पाठवू नयेत. घरातील अडचण, आजार, बापाचे व्यसन यांविषयीचा मजकूर शिक्षकावरील विश्वासाने आलेला असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. शिक्षकाने मात्र हा संकोच कायद्यावाचूनही पाळावा.

शेवटी, शिक्षकाची बदली ही गोष्ट अटळ आहे. तो गेल्यावर नव्या शिक्षकास मुलांची नावे, जन्मतारखा आणि उपस्थिती प्रणालीतून तत्काळ मिळेल. परंतु जूनपासून गप्प असलेली मुलगी ढोलाविषयी बोलली होती, हे त्यास कोण सांगणार? म्हणून जाण्यापूर्वी वहीतून प्रत्येक मुलाविषयी पाच ओळी निवडून लिहाव्यात आणि त्या नव्या शिक्षकाच्या हाती द्याव्यात. त्या पाच ओळी हाती असल्या, म्हणजे त्या मुलीस पुन्हा पहिल्यापासून गप्प बसावे लागणार नाही.