दिवाळी नेमकी किती दिवसांची?

मंडळी, चिनी लोकांचं पारंपरिक नववर्ष किती दिवस चालतं, याचं उत्तर सरळ आहे. पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून कंदिलांच्या सणापर्यंत, पंधरा दिवस. २०२५ साली ते २९ जानेवारीला सुरू झालं आणि १२ फेब्रुवारीला संपलं. त्यांचाही महिना चंद्राचाच. मग आपली दिवाळी किती दिवसांची, असं विचारलं की एक जण चार म्हणतो, दुसरा पाच, तिसरा सहा. असं का?

गोम मोजण्यात आहे. चिनी पंचांगात अमावास्येचा क्षण ज्या दिवशी येतो तो महिन्याचा पहिला दिवस. तिथून पुढे एक, दोन, तीन असे दिवसच मोजत जायचे. आकडा गळत नाही की दोनदा येत नाही. आपण मात्र तिथी मोजतो. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग सारखा नसल्यामुळे तिथी कधी वीस तासांत उरकते, तर कधी सव्वीस तास लांबते. त्यात प्रत्येक सणाची वेळ वेगळी: नरक चतुर्दशीला पहाटेची आंघोळ, लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ, भाऊबीजेला दुपार. त्या त्या वेळी ती तिथी हवी.

२०२२ आठवून पाहा. २४ ऑक्टोबरला पहाटे चतुर्दशी होती, म्हणून अभ्यंगस्नान त्या दिवशी. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अमावास्या लागली आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आधीच संपली. म्हणून लक्ष्मीपूजनही २४ लाच. २५ ला सूर्यग्रहण, सण काहीच नाही. २६ ला सकाळी प्रतिपदा, दुपारी द्वितीया. पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी! वसुबारसेपासून सहा सण, पण ते बसले चारच दिवसांत. ज्या भावाला दोन गावच्या दोन बहिणींकडे जायचं होतं, त्याची त्या वर्षी काय धावपळ झाली असेल बघा.

२०२४ ला उलटं झालं. वसुबारस २८ ऑक्टोबरला, भाऊबीज ३ नोव्हेंबरला. सण तेच सहा, दिवस सात; मधला ३० तारखेचा दिवस रिकामा.

पण त्या वर्षीचा खरा घोळ लक्ष्मीपूजनाचा, आणि बिलोलीकरांना तो चांगलाच जाणवणारा. आपल्याकडे सोयरीक सीमेपलीकडे, बोधन-निजामाबादकडेही होते. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या आसपास लागली आणि १ नोव्हेंबरला सव्वासहापर्यंत होती. म्हणजे ३१ ची अख्खी संध्याकाळ तिच्यात, आणि १ तारखेलाही सूर्यास्तानंतर जेमतेम अर्धा तास. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा, या नियमाने महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर धरला. तेलंगणात दिवाळीची सुट्टी ३१ ऑक्टोबरला होती. अमावास्या एकच, महिना मोजायची रीतही दोन्हीकडे अमांतच, तरी सासरी दिवे एका दिवशी आणि माहेरी दुसऱ्या.

लोक म्हणतात, पंचांगवाले घोळ घालतात. आम्हाला तसं वाटत नाही. दोघांनी चंद्र एकच पाहिला. फरक पडला तो कोणती संध्याकाळ धरायची, यात. चिनी पद्धत सोपी आहे, यात शंका नाही. मात्र त्यांच्या पंधराव्या दिवशी चंद्र पूर्ण असेलच, असं नाही. पौर्णिमा एखादा दिवस पुढे गेली तरी कंदील पंधराव्यालाच लागतात. आपल्याकडे पौर्णिमेचा सण पौर्णिमेलाच, मग तारीख कुठेही सरको.

तेव्हा एसटीचं आरक्षण करताना ‘दिवाळी पाच दिवसांची’ असं धरून चालू नका. त्या वर्षीची भाऊबीज कोणत्या तारखेला आहे ते आधी बघा. आणि लेक तेलंगणात दिली असेल, तर मुराळी धाडण्याआधी तिच्या सासरी फोन करून विचारा, तुमच्याकडे लक्ष्मीपूजन कधी.