कोरवंजीचा डोंगर

धबधबा शोधायला कुंभकोणमला गेलो होतो, असं सांगितलं की लोक हसतात. गाव तळहातासारखं सपाट. एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला अरसलार, मध्ये देवळांची दाटी. गोपुरं सोडली तर मान वर करून बघावं असं काही नाही. पण आंबोली, ठोसेघर, भांबवली करत करत जोग, शिवनसमुद्र, होगेनकल असं कड्यांचं वेड वाढत गेलं आणि शेवटी पाण्याच्या मागे मागे इथल्या घाटावर येऊन बसलो.

आषाढ लागला की धबधब्याला निघायचं, हे आपलं सह्याद्रीचं पंचांग. इथलं वेगळं. कावेरीच्या या खोऱ्यात खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवाळीत इथे फराळाच्या ताटाशेजारी छत्री ठेवावी लागते. आणि तरी ऐन कोरड्या आडी महिन्यात, अठराव्या दिवशी, बायका नदीला पूर आला म्हणून सण करतात: आडिपेरुक्कु. पाऊस पडतो कोडगूत, पाणी उड्या घेतं शिवनसमुद्राला आणि होगेनकलला, १९३४पासून मेट्टूरच्या धरणात थांबतं, आणि ओटी भरली जाते इथे. ओटीत ताडाच्या पानाचं गुंडाळलेलं कर्णफूल आणि काळे मणी. काळे मणी बघून मराठी माणसाला क्षणभर आपल्या घरचं कोणी तरी भेटल्यासारखं होतं.

घरचं आहेच म्हणा. तंजावरचे भोसले, त्यांच्यामागून आलेली देशस्थ घराणी, याच कुंभकोणमात १८२८ साली जन्मलेले आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले टी. माधवराव, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. मला सापडली ती एक बाई, आणि तीही नाटकातली.

तमिळमध्ये कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार आहे. नायिका देवाला किंवा राजाला मिरवणुकीत बघते आणि झुरू लागते. मग डोंगरावरची एक कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी, टोपली घेऊन येते. हात बघण्याआधी ती आपल्या डोंगराचं वर्णन करते, आणि हीच त्या नाटकाची खरी जागा. अठराव्या शतकात तिरिकूडरासप्प कविरायरनं कुट्रालच्या धबधब्याशेजारच्या देवावर अशी कुरवंजी लिहिली, तेव्हा त्या बाईच्या तोंडून माकडं, मध, फळं आणि पाण्याचे तुषार असे काही आले की आजही तमिळ माणूस कुट्रालला जातो तो अर्धा त्या गाण्यांतून जातो.

ही बाई तंजावरच्या सपाटीवर मराठीत आली तेव्हा तिचं नाव झालं कोरवंजी. तिथला भोसले राजा दुसरा सरफोजी याची गंमत अशी, की ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ या तमिळ नाटकात नायिका झुरते ती त्याच्यासाठीच; आणि त्यानं स्वतः मराठीत रचली ती ‘देवेंद्र कोरवंजी’. तिथे बाई येते ती थेट इंद्राणीपुढे, आणि गाण्यांतून सांगते ती जगाचा भूगोल! पुढे तंजावरच्या सरस्वती महालानं ती छापलीही.

सरफोजी हा श्वार्ट्झ नावाच्या पाद्र्याचा शिष्य; अभ्यासक यात त्याचं आधुनिक मन बघतात. बघोत. मला तारीख दिसते. १७९८ला गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षीच्या तहानं राज्य कंपनीकडे गेलं. सत्ता उरली तंजावरच्या किल्ल्यापुरती. पुढे त्यानं लवाजम्यासह काशीयात्रा केली खरी, पण सांभाळायला मुलूख नाही अशा राजानं साऱ्या पृथ्वीची मोजदाद एका भटक्या बाईच्या तोंडी द्यावी, यात मला हौसेपेक्षा तगमग जास्त वाटते. काव्य म्हणून मात्र कुट्रालच्या बाईपुढे तंजावरची बाई कोरडीच. एकीचा डोंगर तिच्या अंगणातला. दुसरीचं जग नकाशावरचं.

म्हणून शेवटी कुट्राल गाठलंच. जून ते सप्टेंबर हा तिथला मोसम. केरळचा पाऊस शेंगोट्टैच्या खिंडीतून अलीकडे झिरपतो; त्या भुरभुरीला ‘सारल’ म्हणतात. आपल्या ‘सरी’ची ती कोणी लागते का, हे भाषापंडितांनी ठरवावं. मुख्य धबधबा साधारण साठ मीटरचा, पण मध्ये कड्यातल्या एका खोल कुंडात पडून मग खाली येतो. त्या कुंडानं जोर खाल्ला म्हणूनच खाली माणसं उभी राहू शकतात. पूर्वी तर ती डोक्यापासून तळपायापर्यंत तेल चोपडून उभी राहत. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, लोखंडी कठडे, आणि पाणी वाढलं की पोलिसाची शिट्टी. मी पाठ दिली. गुरुजींनी पाठीत धपाटे घालावेत तसं पाणी बसत होतं.

बाहेर आलो तर एक बाई टोपलीत मंगुस्तान घेऊन बसली होती. मोडक्या तमिळमध्ये विचारलं, कुठली फळं? तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही. हातातला तराजू तसाच धरून हनुवटीनं धबधब्याच्या वरचा डोंगर दाखवला आणि पाव किलो जोखायला घेतलं.